माझा एकुलता एक किस्सा

मी बोलका माणूस नाही. शाळेत सत्तावीस वर्षं शिकवतो आहे, पण वर्गातलं बोलणं वेगळं, ते पाठ झालेलं असतं. लग्नात किंवा तेरवीला चार माणसं खुर्च्या ओढून गोल करून बसली, की मला काय बोलावं ते सुचत नाही. यंदा कापूस बरा आहे, वणीचा रस्ता कधी होणार, एवढं झालं की माझ्याजवळचं संपतं. मग मी पाण्याचा ग्लास हातात फिरवत बसतो आणि कुणी आपल्याला काही विचारू नये म्हणून मनातल्या मनात देवाचं नाव घेतो.

अशा माणसाजवळ एखादा हुकमी किस्सा असला तर फार सोय होते. माझ्याजवळ एक होता. पंधरा वर्षं मी त्याच्यावर निभावून नेलं.

किस्सा एका मोठ्या माणसाचा. हे कथाकथन करतात. दिग्रसकडच्या एका तांड्यात जन्मलेले, बंजारा घरातले. तांड्यावरच्या गोष्टी ते अशा सांगायचे की ऐकणारा हसता हसता गप्प व्हायचा. टीव्हीवर आले आणि नाव घरोघर गेलं. आमचं वणीत एक लहानसं वाचक मंडळ आहे. शाळेचा हॉल मागून घ्यायचा, सतरंज्या अंथरायच्या, वर्षातून एक मोठा पाहुणा बोलवायचा, इतकाच आमचा पसारा. त्या वर्षी ते आले. कार्यक्रमाआधी अर्धा तास त्यांना कुठेतरी बसवायचं होतं आणि शाळेला लागून घर माझं होतं.

पुढचा किस्सा मी असा सांगायचो: "अहो, काय सांगू! एवढा गरिबांच्या गोष्टी सांगणारा माणूस. माझ्या घरी आला, नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी स्वतःच्या हातानं चहा केला, त्याला हात लावला नाही. तसाच खिडकीत ठेवून दिला. घड्याळ पाहिलं, म्हणाला, 'चला, निघू या.' हॉलमध्ये चारशे माणसं. अकरा मिनिटं बोलला. अकरा! मी घड्याळ लावून होतो. टीव्हीत दिसतात तशी नसतात हो ही माणसं."

लोक खूश व्हायचे. मोठ्या माणसाला जवळून पाहिलेला आणि त्याच्यावर नाराज असलेला माणूस सगळ्यांना आवडतो. पुढे पुढे कुणीतरी त्यात जोडलं की त्यांनी बसायच्या आधी रुमालानं खुर्ची पुसली. आमच्याकडे राजूरच्या खाणींकडून कोळशाची धूळ येते, सगळेच पुसून बसतात, पण त्यांनी पुसल्याचं मला तरी आठवत नव्हतं. मी ते खोडलं नाही. दोन-तीन वर्षांनी मीच ते सांगू लागलो, रुमालाची घडी कशी घातली त्या हावभावासकट.

या जुलैच्या सुरुवातीला मंडळाची बैठक होती. यंदाचा पाहुणा ठरवायचा होता. आम्ही चौघेच आलो होतो: अध्यक्ष, म्हणजे खाणीतून निवृत्त झालेले एक साहेब, एक वकील, मी, आणि यंदाच मंडळात आलेली एक प्राध्यापिका. ही माझी जुनी विद्यार्थिनी. राळेगावकडच्या तांड्यावरची, वणीत ट्रक चालवणाऱ्या मामाकडे राहून शिकली. आता इथल्याच कॉलेजात मराठी शिकवते. तिला मंडळात मीच आणलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

तिने त्याच माणसाचं नाव सुचवलं.

अध्यक्ष हसायलाच लागले. "बाई, तुमाले माहीत नाही वाटते. सर, तुमचा तो किस्सा सांगा बरं जरा हिले."

"रुमालापासून सांगा," वकील म्हणाले.

मी सांगितला. सवयच होती. कुठे थांबायचं, 'अकरा' कसं म्हणायचं, सगळं आपोआप आलं. दोघे पोटभर हसले. ती हसली नाही, पण रागावलीही नाही. वहीच्या कोपऱ्यात पेनानं बारीक बारीक चौकोन काढत राहिली.

"आता सांगा, असा माणूस कायले बोलवाचा?" अध्यक्ष म्हणाले. "तरी पुढच्या रविवारी पक्कं करू. दुसरं नाव असंल तं आणा."

बाहेर आलो. मी स्कूटर काढत होतो, तेव्हा ती जवळ आली.

"सर, एक विचारू?"

"विचार ना बेटा."

"चहा कशात दिला होता त्याईले?"

एरवी ती माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलते. हे एवढंच वाक्य घरच्या बोलीत आलं. त्यांनी चहा का घेतला नाही, असं तिने विचारलं नाही. आवाजात काही नव्हतं. पत्ता विचारावा तसं विचारलं.

"आठवत नाही गं," मी म्हणालो. "किती वर्षं झाली."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

मला आठवत होतं. पंधरा वर्षांत किस्सा सांगताना मला ते आठवलं नाही, असं एकदाही झालेलं नाही.

आमचं घर तीन पिढ्यांपासून कचेरीतलं. आजोबा तहसीलात, वडील कोर्टात, मी शाळेत. मी लहान असताना मोरीजवळच्या फळीवर दोन कपबश्या वेगळ्या असायच्या. एकीचा कान तुटलेला. बाहेरचं कुणी आलं, लाकडं टाकायला, घर शाकारायला, सरकी घेऊन, तर त्या कपात चहा. पिणाऱ्याने तो स्वतः विसळून पालथा घालायचा. कुणी कुणाला सांगत नसे. पुढे बाजारात कागदाचे कप आले आणि त्या कपबश्या गेल्या. वडील एकदा पाहुण्यांना अभिमानानं म्हणाले होते, "आमच्याकडे आता तसलं काही राहिलं नाही." खरंच वाटायचं आम्हाला तसं. कागदाच्या कपाची सोय ही, की तो कुणाला का दिला हे बोलायची वेळ येत नाही. स्वच्छता म्हणा, घाई म्हणा, भांडीवाली आली नाही म्हणा.

आता इथे वाचणाऱ्याला वाटेल, पडद्यामागे एखादी म्हातारी आई असेल, तिने खूण केली असेल. तसं सांगता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वडील त्याआधीच गेले. बायको तिच्या शाळेत होती. घरच्यांपैकी मी एकटा होतो; पाहुण्यांसोबत आमचे अध्यक्ष आले होते, तेव्हाही तेच अध्यक्ष. चहा मी ठेवला, साखर मी टाकली. फळीवरून चिनी मातीचे दोन कप मी काढले, अध्यक्षांचा आणि माझा. मग तोच हात खाली गेला, कागदी कपांची पुडी फाडली, आणि दोन कप काढले. एक गाडीच्या ड्रायव्हरचा. एक त्यांचा.

मी ठरवून केलं नाही. ही गोष्ट मी स्वतःला फार वेळा सांगितली आहे आणि तिचा काही उपयोग होत नाही. ठरवून केलं असतं तर निदान एकदा तरी मनात 'नको' आलं असतं.

ट्रे घेऊन मी बाहेर आलो. ड्रायव्हर दाराशी उभा होता, त्याने आपला कप घेतला. अध्यक्षांनी घेतला. मी पाहुण्यांपुढे ट्रे धरला. ट्रेमध्ये दोन उरले होते, एक चिनी, एक कागदी. आणि मी, कुणी न सांगता, कागदी उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या कपाकडे पाहिलं. अध्यक्षांच्या कपाकडे पाहिलं. मग ड्रायव्हरकडे. एक सेकंद लागला असेल. चेहऱ्यावर राग नव्हता. अंधारात उतरताना पायाला ओळखीची पायरी लागावी तसं काहीतरी होतं. "राहू द्या," ते म्हणाले, "चहा फार झाला आज." कप खिडकीत ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मला आत जाऊन दुसरा कप आणता आला असता. निदान माझा कप न पिता खाली ठेवता आला असता. मी प्यायलो, सगळा. आणि त्याच संध्याकाळी, कार्यक्रम लवकर संपल्यावर, कुणीतरी विचारलं, "काय हो, काय बिनसलं पाहुण्याचं?" तेव्हा मी पहिल्यांदा म्हणालो, "माझ्या घरच्या चहालाही हात लावला नाही." किस्सा तिथे सुरू झाला. मला भीती होती की तेच कुठेतरी बोलतील, म्हणून मी आधी बोललो.

ते कधीच बोलले नाहीत. मी त्यांच्या मुलाखती पाहिल्या, लेख शोधून शोधून वाचले. वणी हा शब्द दिसला की तो परिच्छेद मी दोनदा वाचायचो. कुठेच काही नव्हतं.

तो आठवडा वाईट गेला. तिचं 'बरं' माझ्या डोक्यात शिरून बसलं. तिने ओळखलं असेल का? ओळखलं नसेल तर विचारलं का? वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी मध्येच थांबायचो. बुधवारी आणखी एक शंका आली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ही मुलगी माझ्या घरी कितीदा आली होती. दहावीचा निकाल लागला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन, मागच्या दिवाळीत नवऱ्यासोबत. तिला आम्ही चहा कशात दिला?

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको भाजी निवडत होती.

"आपण तिला चहा कशात देतो?"

"कोणाले?"

मी सांगितलं.

"देत असंल कागदाच्या कपात. काहून विचारून राह्यले?"

"कागदाच्याच का पण?"

"भांडे घासाले बाई येते का वेळेवर? तुम्ही घासता का?" मग ती थांबली. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "मुख्याध्यापक आले होते तेव्हा आपण ते निळे कप काढले, नाही का?"

ती पुन्हा निवडायला लागली, पण काड्या पानांत आणि पानं काड्यांत जात होती. थोड्या वेळानं म्हणाली, "आता तुम्ही हे कोणाले सांगत बसू नका." मग अगदी हळू, "नाही तं सांगा. मले काही समजून नाही राह्यलं."

रविवारपर्यंत मी कबुलीचं वाक्य पाठ करत होतो. स्कूटरवर, आंघोळ करताना, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी. 'मला एक दुरुस्ती करायची आहे.' नको, फार सरकारी. 'माझ्याकडून एक चूक झाली होती.' चूक म्हणजे काय, मिठाऐवजी साखर पडली? शनिवारी मला वाटलं, जाऊच नये. ताप आला म्हणून कळवावं. दुसरं कुठलं तरी नाव ठरेल, वर्ष निघून जाईल. मग लक्षात आलं, की माझ्या एका किश्श्यानं त्या माणसाला या गावाचं दार पंधरा वर्षं बंद करून ठेवलं होतं, आणि उद्या ते पुन्हा बंद होणार, आणि या वेळी ती मुलगी समोर बसून बघणार.

रविवारी गेलो. अध्यक्षांनी चष्मा पुसून विषय काढायच्या आत मी बोललो. पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही.

"तो चहा मी त्यांना कागदाच्या कपात दिला होता," मी म्हणालो. "तुम्हाला चिनी कपात. मी पण चिनी कपात घेतला. त्यांना आणि ड्रायव्हरला कागदाचा. त्यांनी ते पाहिलं, म्हणून घेतला नाही. रुमालाचं खोटं आहे. खुर्ची पुसली नव्हती त्यांनी."

वकिलांनी खुर्ची मागे सरकवली.

"एवढंच ना सर?" ते म्हणाले. "मी तं घाबरलोच होतो. अहो, माह्या घरी सगळ्याईलेच कागदाचे कप राह्यते."

"सगळ्यांना होते का, ते सांगतो आहे मी. सगळ्यांना नव्हते."

"मले ओढू नका सर त्याच्यात," अध्यक्ष म्हणाले. "मी पाहुणा होतो तुमच्या घरी. जे हातात देल्लं ते पेलो." ते खरंच अस्वस्थ झाले होते, चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "अन् एवढ्या वर्षांनं हे काहून काढलं तुम्ही? आता तं आपल्याले बोलावताच येत नाही त्याईले."

"का?"

"का म्हणजे? तो मंचावर चढला अन् हेच सांगतलं तं?"

"सगळ्याईजवळ मोबाईल," वकील म्हणाले. "दोन मिनिटात गावभर. मंडळाचं नाव जाईल. तुमचंही जाईल सर, तुमच्यासाठीच म्हणतो."

मागच्या रविवारी ते गर्विष्ठ होते म्हणून बोलवायचं नव्हतं. या रविवारी त्यांचा काही दोष नव्हता, म्हणून बोलवायचं नव्हतं. मी काहीतरी म्हणालो, की माझं नाव गेलं तर जाऊ द्या, मीच स्टेशनवर त्यांना घ्यायला जातो, मीच माफी मागतो. कुणी वाद घातला नाही. "भावनेच्या भरात नको," एवढंच अध्यक्ष म्हणाले आणि दुसरं नाव लिहून घेतलं.

तिने वही मिटली. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी त्यांना आमच्या तांड्यावर बोलावते. त्यांचा होकार आलेला आहे." उठता उठता थांबली. "मी आधीच विचारलं होतं. वणीलाही ते हो म्हणाले होते."

मी तिच्या मागे पायऱ्या उतरलो. उन्हात उभं राहून तिने स्कार्फ बांधला.

"सर, तुम्ही वर्गातही सांगितला होता हा किस्सा," ती म्हणाली. "नववीत. नम्रतेवर निबंध होता तेव्हा."

मला आठवलं. मी निबंधासाठी उदाहरण म्हणून द्यायचो. दरवर्षी.

"मी घरी जाऊन मामाला म्हटलं, 'मामा, तो आपला गोष्टी सांगणारा माणूस लय घमंडी आहे. आमच्या सरांच्या घरचा चहा नाही पेला त्यानं.' मामा जेवत होता. त्यानं विचारलं, 'चहा कशात देल्ला म्हणे?' मी म्हटलं, ते सरांनी नाही सांगितलं. मामा जेवत राहिला." तिने स्कार्फची गाठ पक्की केली. "पण मी त्यांच्या गोष्टी ऐकणं सोडलं. तुमचा शब्द होता ना सर. कॉलेजात गेल्यावर पुन्हा ऐकायला लागले. तेव्हापासून विचारायचं होतं."

मी "माफ कर" म्हणालो. तिने मान हलवली; ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

"कार्यक्रमाला मी येऊ का?" मी विचारलं.

"या ना सर. सगळ्याईसाठीच आहे."

मी गेलो. बसनं राळेगाव आणि तिथून ऑटोनं तांडा. दुपारचे तीन वाजले होते, शेतात सोयाबीन गुडघ्याएवढं आलं होतं. समाजमंदिरापुढे मांडव घातला होता. ते आता थकले आहेत, केस सगळे पांढरे, पण बोलायला लागले आणि मांडवातलं लहान पोरही हललं नाही. अर्ध्या गोष्टी ते बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगत होते. माझ्या शेजारची म्हातारी हसून हसून डोळे पुसायची आणि मग माझ्याकडे वळून मला मराठीत समजावून सांगायची. मी हो हो म्हणायचो. माझं लक्ष माझ्या वाक्याकडे होतं. या वेळी ते अगदी लहान केलं होतं: मी वणीचा, तुम्ही माझ्या घरी आला होता, चहा मी दिला होता, माझी चूक होती.

संपल्यावर त्यांच्याभोवती गर्दी झाली. फोटो, हार, पाया पडणं. मी माणसांमधून वाट काढत गेलो. अगदी समोर पोचलो.

"मी वणीचा," मी म्हणालो. "तुम्ही एकदा आमच्या घरी..."

त्यांनी कानाला हात लावून मान वाकवली. "वणी? हो हो. बरं, बरं." हात जोडले. डोळ्यांत ओळख होती की नव्हती, मी शोधत होतो, तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या हातात बाळ दिलं, फोटोसाठी. ते तिकडे वळले. पुन्हा वळले नाहीत. मी गाडीजवळ जाऊन थांबलो. ते आले, आत बसले, दार लागलं. काचेतून मला दिसलं, ते फोनवर काहीतरी वाचत होते. मी काचेवर टकटक करायला हात उचलला होता. गाडी निघाली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. राळेगाव सुटलं आणि काही वेळानं माझ्या लक्षात आलं, की डोक्यात वाक्यं जुळायला लागली आहेत. 'अहो, माफी मागायला मी एवढ्या लांब गेलो, म्हातारपणी, ऑटोनं. नीट ऐकूनही घेतलं नाही. नुसतं बरं, बरं.' कुठे थांबायचं, 'बरं' कसं म्हणायचं, तेही आलं होतं. मी एकदम सरळ बसलो. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं काका?" मी म्हणालो, काही नाही. वणी येईपर्यंत मी रस्त्यावरचे मैलाचे दगड वाचत बसलो, एकेक, मोठ्यानं नाही पण ओठ हलवून, म्हणजे दुसरं काही डोक्यात येऊ नये.

घरी आलो तर बायको दारातच होती.

"भेटले का? बोलले का तुमच्याशी? कसा वाटला माणूस?"

ती खरंच वाट पाहत होती. माझ्या तोंडात सगळं तयार होतं.

"गर्दी होती," मी म्हणालो.